ठिणगी सोपी, उष्णता अवघड

पेट्रोल गाडीचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तिच्या प्रत्येक स्पार्क प्लगला सेकंदाला २५ वेळा मिश्रण पेटवावं लागतं. मुंबईहून पुण्याला पोचायला तीन तास लागले आणि इंजिन साधारण याच वेगात फिरत राहिलं, तर एकेका प्लगच्या वाट्याला दोन लाख सत्तर हजार ठिणग्या येतात. त्यातली एखादी चुकली तर चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण शंभरात दोन-चार चुकायला लागल्या की गाडी धक्के देते, पिकअप जातो, आणि गॅरेजवाला बॉनेट न उघडताच सांगतो, 'मिसिंग मारतेय.'

एवढं काम करणारी वस्तू घ्यायला आपण स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि म्हणतो, 'चांगला प्लग द्या.' काउंटरवरचा माणूस विचारतो, 'साधा देऊ की इरिडियम?' इथेच सगळं भरकटतं. धातूचा प्रश्न खरा असला तरी तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी प्लग त्या इंजिनाच्या भोकात नीट बसतो का, हे पाहायला हवं. त्यानंतर, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तो त्या इंजिनाची उष्णता किती वेगाने बाहेर काढतो, हे पाहायला हवं. दुकानात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण प्लगचं काम ठिणगी पाडणं एवढंच, अशी आपली समजूत असते. ठिणगी पाडणं त्यामानाने सोपं आहे. आगीच्या तोंडाशी राहून स्वतः फार तापायचं नाही आणि फार थंडही पडायचं नाही, ही प्लगची खरी परीक्षा, आणि निवड चुकते ती बहुधा याच ठिकाणी.

एक मिलिमीटरची फट

आधी ठिणगीचंच पाहू. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तेवढ्या विद्युतदाबाने हवेतून केसभर ठिणगीसुद्धा उडणार नाही. म्हणून इग्निशन कॉइल तो दाब वाढवून वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत नेते. प्लगच्या मधोमध असलेल्या इलेक्ट्रोडवर हा दाब येतो. बाजूने वाकून वर आलेला दुसरा इलेक्ट्रोड इंजिनाच्या धातूला जोडलेला असतो. दोघांमध्ये फट असते, बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटर.

एवढ्याशा फटीला इतके व्होल्ट कशाला, याचं उत्तर फ्रीड्रिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये देऊन ठेवलं आहे. वायूतून ठिणगी पाडायला किती विद्युतदाब लागेल, हे वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतं. उघड्या हवेत एक मिलिमीटरसाठी तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पिस्टन मिश्रण दाबून धरतो, तेव्हा त्याच फटीला कित्येक पट जास्त विद्युतदाब लागतो.

रस्त्याकडेच्या गॅरेजमधली एक जुनी सवय या नियमापुढे टिकत नाही. प्लग काढायचा, वायरला लावायचा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि निळी ठिणगी दिसली की 'करंट आहे, प्लग ठीक आहे' असा निकाल द्यायचा. या प्रयोगातून कॉइल आणि वायर जिवंत आहेत, एवढंच कळतं. प्लगबद्दल फार काही कळत नाही, कारण उघड्या हवेत छान ठिणगी देणारा प्लग दाबाखाली मुका पडू शकतो. ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, त्यांत हा प्रयोग करताना कॉइल जाण्याची भीती असते, आणि हाताला बसणारा झटका वेगळाच.

फट हवी तेवढीच का ठेवायची, तेही यातूनच उलगडतं. मोठ्या फटीत ज्वलनाचा पहिला गोळा मोठा तयार होतो, त्यामुळे पेट्रोलचं प्रमाण कमी असलेलं मिश्रणही नीट पेटतं. मात्र तिला विद्युतदाब जास्त लागतो. कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जमान्यातल्या कॉइलचा जोर बेताचा असे, म्हणून तेव्हाच्या गाड्यांना ०.६-०.७ मिलिमीटरची फट ठेवत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं तशी फट वाढवता आली. प्लग वापरात झिजतो म्हणजे त्याच्या इलेक्ट्रोडची कड हळूहळू खाल्ली जाते आणि फट आपोआप रुंदावते. गाडी कुरकुर करत नाही म्हणून तोच प्लग ओढत राहिलात, तर वाढलेल्या फटीचा भार कॉइलवर पडतो. कॉइल प्लगपेक्षा कितीतरी महाग असते, हे बदलायची वेळ आल्यावरच लक्षात येतं.

ठिणगीचा आणखी एक स्वभाव निवडीत आडवा येतो. प्रत्येक ठिणगी ही एक लहानशी रेडिओ लहर असते. बिनतारी संदेशाचे सुरुवातीचे यंत्रसंच ठिणगीवरच चालत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात केलेल्या प्रयोगांतल्या लहरीही ठिणगीतूनच निघत. गाडीत या लहरी नको असतात. आधी त्या फक्त रेडिओत खरखर करायच्या, आता त्या इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या आणि सेन्सरच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. म्हणून प्लगच्या पोटात साधारण पाच हजार ओहमचा रोधक बसवलेला असतो. कोड क्रमांकातलं 'आर' हे अक्षर बहुधा त्याचंच. कार्ब्युरेटरच्या काळातला बिनरोधकाचा प्लग नव्या गाडीच्या आट्यांत बसेल, गाडी सुरूही होईल, पण तो तिथे बसवायचा प्लग नाही.

आगीतून बाहेर जाणारी वाट

आता मुख्य गोष्ट. सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या वेळी तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. लगेच पुढच्या फेऱ्यात थंड हवा आणि पेट्रोल आत येतं. ३००० फेऱ्यांच्या वेगात हे सगळं चक्र ४० मिलिसेकंदांत पुरं होतं. या उष्ण-थंड माऱ्यात प्लगचं टोक मात्र एका ठरावीक पट्ट्यात राहिलं पाहिजे. ढोबळमानाने हा पट्टा ५०० ते ८५० अंशांचा.

टोक याच्या खाली राहिलं तर त्यावर बसणारी काजळी जळून जात नाही. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या पांढऱ्या सिरॅमिकवर काजळीचा थर साठला की फट ओलांडण्यापेक्षा त्या थरावरून घसरत धातूकडे जाणं विजेला सोपं पडतं. मग ठिणगी पडतच नाही. गॅरेजच्या भाषेत, प्लग शॉर्ट झाला. उलट टोक ८५०च्या बरंच वर, ९५०च्या आसपास गेलं की ते स्वतःच निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवून देतं. पिस्टन अजून वर चढत असताना आग लागते. ही आग वेळेआधीची असल्याने टोक आणखी तापतं, पुढच्या फेऱ्यात आग आणखी आधी लागते. असं काही काळ चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं. काजळीने गाडी बंद पडते, याने इंजिन उघडावं लागतं. म्हणून दोन चुकांपैकी एक करायचीच असेल तर पहिली करावी.

उष्णतेला बाहेर पडायची वाट एकच. टोकाकडून सिरॅमिकच्या नाकात, तिथून धातूच्या कवचात, कवचाचे आटे आणि वायसर यांतून इंजिनाच्या हेडमध्ये, आणि तिथून हेडभोवती फिरणाऱ्या पाण्यात. या वाटेची लांबी कारखान्यात ठरते. सिरॅमिकचं नाक लांब ठेवलं तर उष्णतेला लांबचा फेरा पडतो आणि टोक तापलेलं राहतं. याला गरम प्लग म्हणतात. नाक आखूड ठेवलं तर उष्णता लगेच कवचाला पोचते आणि टोक लवकर निवतं. हा थंड प्लग. गरम प्लगची ठिणगी जास्त गरम असते असा समज सर्रास ऐकायला मिळतो, पण ठिणगीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. एकाच कॉइलवर दोन्ही प्लग तीच ठिणगी देतात.

कुठल्या इंजिनाला कुठला हवा, ते इंजिन किती उष्णता तयार करतं त्यावर ठरतं. शांत, कमी दाबाच्या, शहरात रमतगमत चालणाऱ्या इंजिनाला गरम प्लग सोसतो. टर्बो लावलेल्या, जास्त दाबाच्या, जोरात पळणाऱ्या इंजिनाला थंड प्लग लागतो, कारण त्याच्या आगीत गरम प्लगचं टोक तग धरणार नाही. शर्यतीच्या गाड्यांत अतिथंड प्लग असतात. ते बाजारहाटाच्या गाडीला लावले तर दोन दिवसांत काळे पडतील. 'रेसिंग प्लग' म्हणून जास्त पैसे देणाऱ्याला बहुतेकदा हेच पदरात पडतं.

इथे एक मोह नेहमी होतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच जाते, मुलांना शाळेत सोडते, भाजी आणते, परत येते. इंजिन पुरतं तापतच नाही, प्लग काळे होतात. मग कोणी सुचवतो, एक पायरी गरम प्लग घाला. शहरापुरता उपाय लागू पडतो. पण सुट्टीत तीच गाडी पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन बोरघाट किंवा आंबोली चढते, तेव्हा प्लग गरम आणि भार पूर्ण, अशी गाठ पडते. प्लग न बदलता गाडी अधूनमधून तासभर मोकळ्या रस्त्यावर पळवली तर काजळी आपोआप जळते. हा उपाय स्वस्त आहे आणि त्यात इंजिनाला धोकाही नाही.

आकड्यांचा उलटसुलट कारभार

उष्णतेची ही पायरी प्लगच्या अंगावर आकड्याने छापलेली असते. अडचण अशी की कंपन्यांनी आकडे एकाच दिशेने मोजलेले नाहीत. नागोया शहरात १९३६ मध्ये सुरू झालेली एनजीके आणि टोयोटापासून १९४९ मध्ये वेगळी झालेली डेन्सो या दोन्ही जपानी कंपन्यांत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात नेमकं उलट, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यातही एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०. आकडा पाहून 'जवळपास तोच दिसतोय' म्हणत कंपनी बदलणं, हा घरच्या घरी चूक करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

बॉशचं नाव आलं म्हणून थोडं थांबतो. प्लग आणि जास्त विद्युतदाब निर्माण करणारा मॅग्नेटो यांची जोडी व्यवहारात आणली ती या कंपनीतल्या गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने, १९०२ मध्ये. त्याआधीही ठिणगी होती. १८६० च्या एत्येन लन्वारच्या गॅस इंजिनात ती होती. पण वेगात फिरणाऱ्या इंजिनाला भरवशाने पेटवेल अशी पद्धत होनोल्डने दिली. आपल्याकडे बॉशचे प्लग रुळले ते बंगळुरूच्या मायकोमार्फत. ही मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ मध्ये स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. पन्नाशी ओलांडलेले मेकॅनिक आजही कुठल्याही प्लगला सहज 'मायको' म्हणून जातात.

कोड वाचायची थोडी सवय केली तर दुकानात फसणं अवघड होतं. एनजीकेचा एक जुना, जगभर चाललेला क्रमांक घेऊ: बीपीआर६ईएस-११. 'बी' म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे. 'पी' म्हणजे सिरॅमिकचं नाक कवचाच्या बाहेर डोकावणारं. 'आर' म्हणजे रोधक. ६ ही उष्णतेची पायरी. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. 'एस' म्हणजे मधल्या इलेक्ट्रोडची नेहमीची बनावट, आत तांब्याचा गाभा असलेली. शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटरची फट. ही फट वगळली तर याच जातीचा प्लग डेन्सोकडे डब्ल्यू२०ईपीआर-यू, बॉशकडे डब्ल्यूआर७डीसी आणि चॅम्पियनकडे आरएन९वायसी या नावांनी मिळतो. चार नावं, एकच काम. कंपनीवरून वाद घालणाऱ्यांनी ही चार नावं शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

आट्यांची लांबी ही या यादीतली गप्प बसलेली पण घातक गोष्ट. व्यास चुकला तर प्लग बसतच नाही, प्रश्न मिटला. लांबी चुकली तर प्लग मजेत बसतो. हवा त्यापेक्षा लांब प्लग सिलिंडरमध्ये घुसतो आणि वर आलेला पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याच्यावर आदळू शकतो. आखूड प्लग बसवला तर हेडचे खालचे आटे उघडे राहतात, त्यांत कार्बन भरतो, आणि पुढे योग्य प्लग बसवायला गेलं की तो अडतो. नव्या इंजिनांत १२ मिलिमीटर व्यासाचे, २६.५ मिलिमीटर लांब आट्यांचे सडपातळ प्लग आले आहेत, कारण व्हॉल्व्ह आणि पाण्याच्या वाटांना जागा हवी होती. त्यामुळे जुन्या गाडीचा अनुभव नव्या गाडीला लावून चालत नाही.

प्लग किती लागतील, हेही गृहीत धरू नये. २००३ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते. चार सिलिंडर म्हणून चार प्लग घेऊन आलेल्याला पुन्हा दुकान गाठावं लागे. त्याच वर्षी पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर डीटीएस-आयमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग दिले. दोन बाजूंनी आग लावली की ती लवकर सगळीकडे पोचते, एवढंच त्यामागचं साधं गणित.

साधा की इरिडियम

आता त्या काउंटरवरच्या प्रश्नाकडे येऊ. साध्या प्लगचा इलेक्ट्रोड निकेलच्या मिश्रधातूचा असतो. आतला तांब्याचा गाभा उष्णता वाहून नेतो. निकेल साधारण १४५० अंशांना वितळतं आणि ठिणग्यांनी हळूहळू झिजतं, म्हणून इलेक्ट्रोड जाडसर, अडीच मिलिमीटरचा ठेवावा लागतो. प्लॅटिनमचा वितळणबिंदू १७६८ अंश, इरिडियमचा २४४६. इरिडियम इतकं चिवट असल्याने त्याचं टोक सहा दशांश, काही प्लगांत चार दशांश मिलिमीटर इतकं बारीक ठेवता येतं. बारीक टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटतं, त्यामुळे ठिणगी कमी विद्युतदाबाने उडते. शिवाय जाड धातू नवजात ज्योतीची उष्णता शोषून घेतो, तसं बारीक टोक करत नाही.

म्हणजे इरिडियम चांगला. पण कशासाठी? मुख्यतः टिकण्यासाठी. निकेलचे प्लग गाडीप्रमाणे वीस ते चाळीस हजार किलोमीटरला बदलायला सांगतात, इरिडियमचे एक लाखाच्या आसपास चालतात. झिजलेले निकेल प्लग काढून नवे इरिडियम घातले की गाडी उडते असं वाटतं. त्या जागी नवे निकेल घातले असते तरी जवळपास तितकीच उडाली असती. दुरुस्त, निरोगी इंजिनात धातू बदलल्याने ताकद वाढते असं सांगणारा विक्रेता आपल्याला प्लग विकतोय, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

माझं मत विचाराल तर निर्णय प्लगपर्यंत पोचण्याच्या कटकटीवर करावा. चार बोल्ट काढून प्लग हाती येत असतील तर निकेल घ्या आणि वेळेवर बदला. प्लग काढायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागत असेल, तर एकदाच इरिडियम घालून मोकळं व्हावं. मजुरीतच फरक निघतो. एक मर्यादा मात्र पाळायची. कंपनीने इरिडियम दिलेल्या इंजिनात, विशेषतः टर्बोच्या, पैसे वाचवायला निकेल घालू नये. निकेल दिलेल्या इंजिनात त्याच उष्णतेच्या पायरीचा, त्याच मापाचा इरिडियम घालायला हरकत नाही.

काही गाड्यांत एक कॉइल दोन प्लगना एकदम ठिणगी देते, एक कामाची आणि एक वाया जाणारी. अशा जोडीत एका प्लगमधली वीज उलट दिशेने, बाजूच्या इलेक्ट्रोडकडून मधल्याकडे धावते, आणि त्या प्लगचा बाजूचा इलेक्ट्रोड जास्त झिजतो. तिथे दोन्ही इलेक्ट्रोडना मौल्यवान धातूचं टोक असलेला प्लग हवा. फक्त मधलं टोक महागडं असलेला प्लग तिथे अर्धाच उपयोगी. बाजूला तीन-चार इलेक्ट्रोड असलेले प्लगही दुकानात मांडलेले असतात. ठिणगी एका वेळी एकाच इलेक्ट्रोडवर पडते. झीज वाटली जाते म्हणून तो जास्त टिकतो, आग चौपट होत नाही.

गॅसवर चालणारी गाडी

मुंबई-पुण्याकडे प्लगच्या निवडीला खरी धार येते ती सीएनजीमुळे. काळ्या-पिवळ्या टॅक्सी आणि रिक्षा गॅसवर गेल्या त्याला दोन दशकं उलटली. मारुतीने २०१० मध्ये कारखान्यातूनच सीएनजी बसवलेल्या गाड्या आणल्या, आणि आता घरगुती वापराच्या गाडीतही मागे टाकी असणं नवलाचं राहिलं नाही.

सीएनजी म्हणजे प्रामुख्याने मिथेन. मिथेन पेटायला हट्टी असतो. आपोआप पेट घ्यायला त्याला साधारण ५४० अंश लागतात, पेट्रोलला त्याहून बरेच कमी. ठिणगीलाही जास्त विद्युतदाब लागतो. शिवाय पेट्रोलची वाफ होताना सिलिंडर थोडा गार होतो, ती सवलत आधीच वायुरूप असलेल्या गॅसकडे नाही. परिणाम असा की पेट्रोलवर निमूट चालणारा, थोडा झिजलेला प्लग गॅसवर टाकताच मिसिंग सुरू करतो. मालक किटवाल्याला दोष देतो, किटवाला गॅसच्या दाबाला, आणि दोष असतो रुंदावलेल्या फटीचा. म्हणून गॅसच्या गाडीत फट कमी ठेवतात, बऱ्याचदा ०.७-०.८ मिलिमीटर, प्लग लवकर बदलतात, आणि काही इंजिनांना एक पायरी थंड प्लग देतात. कारखान्यातून आलेल्या सीएनजी गाडीच्या मॅन्युअलमध्ये तिचा प्लग क्रमांक दिलेला असतो आणि तो पेट्रोल आवृत्तीपेक्षा वेगळा असू शकतो. बाहेरून किट बसवलं असेल तर बसवणाऱ्याकडून प्लगचा क्रमांक आणि फट लिहून घ्यावी. तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांत कोणाच्याच लक्षात राहत नाही.

काढलेला प्लग काय सांगतो

प्लग योग्य आहे की नाही, याचा सर्वांत खात्रीचा पुरावा वापरलेला प्लगच देतो. काढताना कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा, हा क्रम मोडू द्यायचा नाही. नाकाचा रंग फिकट बदामी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. जुन्या पुस्तकांत 'निरोगी' म्हणून गडद तपकिरी रंग दिलेला आढळतो. तो शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. भारतात फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि निरोगी रंग फिका झाला.

कोरडी, मखमली काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर तुंबलाय, किंवा गाडी पुरेशी तापतच नाही, किंवा प्लग गरजेपेक्षा थंड आहे. ओला, तेलकट काळा थर असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल येतंय, पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. यावर प्लग बदलणं हा उपाय होऊच शकत नाही, गरम प्लग तर नाहीच. नाक खडूसारखं पांढरं, फोड आलेलं, इलेक्ट्रोड खाल्लेले दिसले तर टोक फार तापतंय. त्याला मिश्रणात पेट्रोल कमी असणं, टायमिंग पुढे असणं, कूलंट कमी असणं किंवा चुकून गरम प्लग लागणं, यातलं काहीही कारण असू शकतं. एक ढिला बसलेला प्लगही असाच दिसतो, कारण वायसर दाबला गेला नाही तर उष्णतेची वाटच तुटते. विटकरी किंवा नारिंगी थर दिसला तर पेट्रोलमधली किंवा वरून ओतलेली काही औषधं आठवून पाहावीत. लोह किंवा मँगनीज असलेली मिश्रणं असा रंग सोडतात.

चारपैकी तीन बदामी आणि एकच काळा, असं असेल तर प्लगची निवड बरोबर आहे आणि दोष त्या सिलिंडरचा आहे. चारही सारखेच काळे किंवा सारखेच पांढरे असले, तरच निवडीकडे किंवा सगळ्या इंजिनाला लागू असलेल्या कारणाकडे बोट दाखवावं. मिसिंगकडे दुर्लक्ष करू नये याला आणखी एक कारण आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तापमानाने त्याची जाळी वितळू शकते. त्याची किंमत ऐकली की प्लगचे पैसे किरकोळ वाटू लागतात. नव्या गाड्यांत इंजिनाचा पिवळा दिवा यासाठीही पेटतो. स्कॅनरवर पी०३०१ आलं तर पहिला सिलिंडर, पी०३०२ आलं तर दुसरा.

बसवण्याबद्दल थोडक्यात. इंजिन थंड असतानाच प्लग काढावेत, गरम ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. काढण्याआधी भोवतीची धूळ फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आधी हाताने फिरवत पूर्ण बसवायचा, पाना लावून सुरुवात करायची नाही. टॉर्क रेंच असेल तर १४ मिलिमीटरच्या वायसरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २०. रेंच नसेल तर नवा १४ मिलिमीटरचा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. इरिडियमची फट फिलर गेजने उचकटून बदलायला जाऊ नये, सुईसारखं टोक तुटतं. खाली पडलेला प्लग वरून धड दिसला तरी सिरॅमिकला आतून तडा गेलेला असू शकतो, तो वापरायचा नाही.

बाजारात नकली प्लग भरपूर आहेत, आणि नकली करायला सर्वांत फायद्याचा इरिडियमच. ओबडधोबड छपाई, तिरका बसलेला बाजूचा इलेक्ट्रोड, इरिडियम म्हणवूनही जाडजूड टोक, आणि कोणालाही परवडेल अशी किंमत, ही त्याची लक्षणं. ओळखीच्या दुकानातून बिलासकट घेतलेला प्लग दहा-वीस रुपयांनी महाग पडला तरी चालेल.

शेवटी एक सवय सोडायला हवी. जुना प्लग खिशात घालून दुकानात जायचं आणि 'असाच द्या' म्हणायचं, हे नव्या गाडीच्या पहिल्या मालकाला चालेल. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असेल तर आत काय बसवलंय यावर काडीचाही विश्वास ठेवू नये. कधी चार प्लगवर दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या पायऱ्यांचे आकडे निघतात. मॅन्युअल हरवलं असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिनाचा प्रकार सांगून प्लग कंपनीच्या तक्त्यातून क्रमांक काढून घ्यावा, चारही प्लग एकदम बदलावेत, आणि पाचेकशे किलोमीटर चालल्यावर एखादा काढून नाकाचा रंग पाहावा.